सर्च बॉक्स ठेवायचा कुठे?

मागच्या महिन्यात आलेल्या प्रश्नांमध्ये स्वतःचा ब्लॉग चालवणाऱ्यांचे बरेच प्रश्न होते आणि त्यातले चार तर एकाच गोष्टीबद्दल होते, म्हणून या वेळी ते एकत्र घेतलेत. पहिल्या उत्तराला जास्त जागा दिलीये कारण ती अडचण खूप जणांची असते आणि बहुतेकांना ती आहे हेच माहीत नसतं.

प्रश्न : माझा पाककृतींचा ब्लॉग आहे, ब्लॉगस्पॉटवर. बरीच वर्षं लिहितेय, चारशेच्या वर पोस्ट झाल्यात. सर्च बॉक्स उजवीकडच्या पट्टीत आहे, लेबलं आणि आर्काइव्ह यांच्या खाली. भाचा म्हणतो मावशी तो वर घे, मैत्रीण म्हणते वर घेतलास तर हेडरच्या फोटोची शोभा जाईल. वाचक मात्र सारखे व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतात, "ताई त्या उकडीच्या मोदकांची लिंक पाठवा ना." तर नक्की कुठे ठेवू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, भाच्याचं ऐका, वर घ्या. आणि तुमच्या वाचकांचे ते व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आहेत ना, त्यांच्याकडे जरा नीट बघा. ज्या माणसाला तुमचा ब्लॉग माहीत आहे, पोस्टही माहीत आहे, तुमचा नंबरसुद्धा आहे, त्याला ब्लॉगवर जाऊन मोदक शोधण्यापेक्षा तुम्हाला विचारणं सोपं वाटतंय. आणि ज्यांच्याकडे तुमचा नंबर नाही ते काय करत असतील? ते सरळ दुसऱ्या कुणाची तरी रेसिपी उघडत असतील.

आता आधी एक काम करा. तुमचा ब्लॉग स्वतःच्या फोनवर उघडा, पण लॉगिन न करता, साध्या वाचकासारखा. कंप्युटरवर जी उजवीकडची पट्टी दिसते ती फोनवर उजवीकडे नसते, कारण फोनवर उजवीकडे जागाच नसते. बहुतेक थीममध्ये, म्हणजे ब्लॉगच्या तयार मांडणीत, ती पट्टी सगळ्यात खाली जाऊन पडते, म्हणजे आधी अख्खी पोस्ट, मग कॉमेंट्स, मग लेबलं, मग आर्काइव्ह आणि त्याच्याही खाली तुमचा सर्च बॉक्स. तिथपर्यंत कोण जाणार? आणि ब्लॉगरच्या, म्हणजे ब्लॉगस्पॉटमागच्या गूगलच्या सेवेच्या, जुन्या थीमची तर अजून वेगळी गंमत आहे, त्यांची जी मोबाइल आवृत्ती असते तिच्यात हेडर, पोस्ट, प्रोफाइल, पानांची यादी, जाहिराती अशी मोजकीच गॅजेट्स (पान ज्या तुकड्यांनी बनतं ते तुकडे) दाखवली जातात, सर्च बॉक्स त्या यादीत नाहीच! थीमच्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाच्या कोडमध्ये, जाऊन त्या गॅजेटला मोबाइलवर दाखव असं वेगळं सांगितलं तरच तो दिसतो. म्हणजे तुम्ही इतकी वर्षं ठेवलेला बॉक्स फोनवरच्या वाचकांना कधी दिसलाच नसेल अशी दाट शक्यता आहे, आणि पाककृती तर लोक फोन ओट्यावर टेकवूनच वाचतात.

म्हणून उजवीकडे की डावीकडे हा विचार आत्ता करूच नका. फोनवर ब्लॉग उघडला की एकदाही स्क्रोल न करता बॉक्स दिसला पाहिजे, एवढं एकच धरून चला. स्वयंपाकघरात मिसळणाचा डबा हाताशी ओट्यावर असतो, माळ्यावर नसतो, तसंच हे.

हेडरच्या फोटोचं म्हणाल तर मैत्रिणीचा मुद्दा चुकीचा नाही, फोटोवरच बॉक्स चिकटवला तर दोन्ही वाईट दिसतात. लेआउटमध्ये गेलात की हेडरच्या खाली आणि पोस्टच्या वर एक आडवी जागा बऱ्याच थीममध्ये मिळते, गॅजेट ओढून तिथे सोडा. फोटोची उंची मात्र थोडी कमी करा, फोनचा अर्धा स्क्रीन जर थाळीच्या फोटोनेच भरत असेल तर बॉक्स खाली ढकलला जातो आणि आपण होतो तिथेच. थीम फारच जुनी असेल तर बदलायचाही विचार करा, २०१७ साली ब्लॉगरने काँटेम्पो, सोहो, एम्पोरिओ, नोटेबल अशा चार नव्या थीम आणल्या, त्या फोनवर आपोआप नीट बसतात आणि सर्चची सोय त्यांच्यात वरच आहे. फक्त बदलण्याआधी जुन्या थीमचा बॅकअप डाउनलोड करून ठेवा, हे विसरू नका, कारण एचटीएमएलमध्ये काही बदल केलेले असतील तर ते नव्या थीममध्ये येत नाहीत.

बॉक्स केवढा असावा हेही सांगतो कारण वर घेताना लोक तो कोपऱ्यात चिमुकला करून टाकतात. जेकब नील्सन नावाचे वेबच्या वापराचा अभ्यास करणारे गृहस्थ आहेत, त्यांनी फार पूर्वीच सांगून ठेवलंय की २७ अक्षरं मावतील एवढी रुंदी ठेवली तर ९० टक्के लोकांचं टाइप केलेलं पूर्ण दिसतं. तो हिशोब इंग्रजीचा आहे. आपल्याकडे "उकडीच्या मोदकांची पारी" एवढं लिहितानाच किती वेलांट्या मात्रे येतात बघा, चूक झाली तर ती दिसली तर पाहिजे ना. फोनवर सरळ पूर्ण रुंदीचा बॉक्स द्या. आणि आतल्या अक्षरांचा आकार १६ पिक्सेलपेक्षा कमी ठेवू नका, आयफोनवर त्याहून लहान असेल तर बोट लावल्याबरोबर सफारी पानच झूम करते आणि वाचकाला वाटतं आपण काहीतरी भलतंच दाबलं.

बॉक्सशेजारी बटण ठेवा आणि त्याच्यावर "शोधा" असं मराठीत लिहा. रिकाम्या बॉक्समध्ये फिकट अक्षरात "उदा. उकडीचे मोदक" असं काहीतरी टाका, त्याने दोन गोष्टी कळतात, इथे पदार्थाचं नाव टाकायचंय आणि मराठीत टाकलं तरी चालतं. दुसरी गोष्ट आपल्याला क्षुल्लक वाटते पण कितीतरी जणांना वेबसाइटवर मराठीत शोधता येतं हेच माहीत नसतं.

अजून एक बॉक्स प्रत्येक पोस्टच्या शेवटी ठेवा असं मी आवर्जून सांगेन. माणूस मोदकांची कृती वाचून खाली आला, आता त्याला सारणाचा नारळ उरला त्याचं काय करायचं हे बघायचंय, त्या क्षणी परत वर जायला लावू नका. स्टीव्हन हूबर यांनी २०१३ मध्ये रस्त्यात, बसमध्ये, कॅफेत लोक फोन कसा धरतात याची १३३३ निरीक्षणं नोंदवली होती, त्यात स्क्रीनला स्पर्श करणाऱ्यांपैकी ४९ टक्के लोक एकाच हाताने फोन वापरत होते, म्हणजे सगळं काम एका अंगठ्यावर, आणि फोनचा वरचा कोपरा अंगठ्याला सगळ्यात लांब. तेव्हापासून फोन आणखी मोठेच झालेत. खालचा हा दुसरा बॉक्स एचटीएमएल गॅजेटमध्ये छोटा फॉर्म टाकून करता येतो, भाच्याला सांगा, त्याला दहा मिनिटांचं काम आहे.

काहीजण विचारतील की मग वरचा बॉक्स स्क्रोल करताना सोबत चिकटून राहील असाच का नको? मला पाककृतीच्या ब्लॉगवर ते आवडत नाही. कृती वाचताना स्क्रीनचा प्रत्येक मिलिमीटर लागतो, वाटीभर पीठ की दोन वाट्या हे बघायला हाताला कणीक लागलेली असताना परत परत स्क्रोल करावं लागलं की चिडचिड होते. वर एक आणि खाली एक, तेवढं पुरे.

प्रश्न : मी गडकिल्ले आणि ट्रेक्सवर लिहितो, वर्डप्रेसवर. नवी थीम घेतली त्यात बॉक्स नाही, वर उजव्या कोपऱ्यात फक्त भिंगाचं चिन्ह आहे, दाबलं की स्क्रीनभर बॉक्स उघडतो. थीम करून देणारा मित्र म्हणतो आता सगळीकडे असंच असतं. पण लोक म्हणतात सर्चच नाहीये, आणि ज्यांना सापडतो ते म्हणतात शोधून काही मिळत नाही. जागा चुकलीये का?
– एक ट्रेकर, नाशिक

उत्तर : दोन वेगळ्या तक्रारी आहेत दादा, वेगवेगळ्याच बघू.

पहिली भिंगाची. मित्र म्हणतो ते खरं आहे, भिंग म्हणजे शोध हे आता बऱ्याच लोकांना कळतं आणि फोनवर जागा वाचते. पण भिंग कळणं वेगळं आणि ते दिसणं वेगळं, कोपऱ्यातलं एवढंसं राखाडी चिन्ह, मागे सह्याद्रीचा हिरवागार फोटो, कसं दिसणार ते? शिवाय तुमचे वाचक फक्त पंचविशीतले नाहीत. रिटायर झाल्यावर किल्ले फिरायला लागलेली मंडळी मी खूप बघतो, त्यातल्या काहींना भिंग म्हणजे अक्षर मोठं करायचं बटण वाटतं. म्हणून कंप्युटरवर तरी उघडा बॉक्सच ठेवा, तिथे जागेची काही कमी नाही, डावीकडे ब्लॉगचं नाव आणि उजवीकडे बॉक्स ही ठेवण लोकांच्या सवयीची आहे. फोनवर भिंग ठेवायचंच असेल तर त्याच्याखाली किंवा शेजारी "शोधा" हा शब्द लिहा, रंग गडद करा आणि दाबायची जागा मोठी करा. अपंगांनाही वेब वापरता यावं म्हणून जी मार्गदर्शक तत्त्वं आहेत त्यांच्या २.२ आवृत्तीत, म्हणजे ऑक्टोबर २०२३ ची, बटणं किमान २४ बाय २४ पिक्सेलची असावीत असं आलंय, वरच्या पातळीला तर ४४ बाय ४४ मागितलेत. मी म्हणेन ४४ च धरा, थंडीत गडावर बसून कुणी उघडत असेल तर बोटं तशीही जड झालेली असतात. वर्डप्रेसच्या सर्च ब्लॉकमध्ये लेबल दाखवायचं की नाही, बटण आत की बाहेर, रुंदी किती, हे सगळं तिथल्या तिथे निवडता येतं, त्यासाठी कोड लिहावा लागत नाही.

आता दुसरी तक्रार, शोधून मिळत नाही. ही जागेची नाही पण ही सुटली नाही तर बॉक्स कुठेही ठेवून फायदा नाही, लोक एकदा टाइप करतात, रिकामं पान बघतात आणि परत त्या बॉक्सला हात लावत नाहीत. नील्सन यांच्याच २००१ मधल्या एका अभ्यासात पहिल्या शोधात ५१ टक्के लोकांना हवं ते मिळालं, दुसऱ्या प्रयत्नात ३२ टक्के आणि तिसऱ्यात १८ टक्के, म्हणजे पहिल्यांदा हुकलं की पुढे शक्यता कमीच होत जाते.

वर्डप्रेसचा साधा सर्च काय करतो, तुम्ही टाकलेली अक्षरं जशीच्या तशी पोस्टचं शीर्षक, सारांश आणि मजकूर यांच्यात शोधतो. बस. त्याला मराठी येत नाही. "किल्ला" टाकलं तर "किल्ल्यावरचा पाऊस" ही पोस्ट येणार नाही कारण विभक्ती लागली की आपला शब्दच आतून बदलतो, किल्ला चा किल्ल्या होतो. "दरी" टाकलं तर "दऱ्या" येणार नाहीत. "हरिश्चंद्र गड" असं मध्ये जागा सोडून टाकलं तर "हरिश्चंद्रगड" लिहिलेली पोस्ट येते कारण दोन्ही तुकडे तिच्यात आहेत, पण उलटं केलं, म्हणजे तुम्ही पोस्टमध्ये तोडून लिहिलंय आणि वाचकाने जोडून टाकलं, की काहीच मिळत नाही. आणि "दऱ्या", "खोऱ्या", "पायऱ्या" यांच्यातला तो अर्धा र, तो युनिकोडमध्ये, म्हणजे कंप्युटर अक्षरं ज्या पद्धतीने साठवतो तिच्यात, दोन तऱ्हांनी टाइप होतो, एकात ऱ हे वेगळं अक्षर असतं आणि दुसऱ्यात साध्या र नंतर एक न दिसणारं जोडचिन्ह असतं. स्क्रीनवर दोन्ही सारखे दिसतात पण मशीनच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द असू शकतात. तुमचा कीबोर्ड एक आणि वाचकाचा दुसरा असेल तर संपलंच.

टॅग लावलेत ना, असं म्हणाल, तर साधा सर्च टॅग आणि कॅटेगरीची नावं बघतच नाही. टॅगमध्ये "सांदण दरी" आहे आणि मजकुरात फक्त "सांदण" आहे तर "दरी" शोधणाऱ्याला ती पोस्ट मिळत नाही. फोटोवर लिहिलेली नावं तर नाहीच नाही.

यावर चांगली प्लगइन्स (वर्डप्रेसला वरून जोडायचे छोटे प्रोग्रॅम) आहेत पण आधी फुकटातला उपाय करा. प्रत्येक पोस्टच्या शेवटी एक ओळ लिहायची सवय लावा, "इतर नावं", आणि त्यात ते नाव लोक जसं जसं लिहितात तसं सगळं टाका, जोडून, तोडून, ऱ्हस्व, दीर्घ, एकवचन, अनेकवचन, आणि रोमन लिपीतलं स्पेलिंगसुद्धा. ते रोमन महत्त्वाचं आहे, ऑफिसच्या लॅपटॉपवर मराठी कीबोर्ड बसवलेला नसतो, आणि परदेशात वाढलेली मराठी मुलं घरी मराठी बोलतात पण टाइप रोमनमध्येच करतात, सुट्टीत आल्यावर राजगडला जायचंय तर शोधणार कसं त्यांनी? सांगलीच्या ताईंनीही हेच करावं, करंजीच्या पोस्टखाली "करंजी, करंज्या, कानवले" एवढी ओळ टाकली की झालं. शीर्षकात मात्र मूळ नाव साधं ठेवा, कारण २०१३ मध्ये आलेल्या ३.७ आवृत्तीपासून वर्डप्रेस शीर्षकात जुळलेल्या पोस्ट वर दाखवतं.

आणि दोन जागा लोक हमखास विसरतात. "काही सापडलं नाही" हे पान, आणि जुनी लिंक तुटली की येणारं ४०४ चं पान. दोन्हीकडे मोठा सर्च बॉक्स ठेवा, आणि त्याच्याखाली जिल्ह्यानुसार किल्ल्यांची यादी द्या, नाशिक, नगर, पुणे, रायगड, सातारा अशी. तिथे आलेला माणूस आधीच वैतागलेला असतो, त्याला रिकाम्या पानावर सोडून देणं मला खरंच बरोबर वाटत नाही.

प्रश्न : माझ्या कवितांचा छोटा ब्लॉग आहे, चाळीसेक कविता. सर्च बॉक्स ठेवावा का?
– एक कवयित्री, लातूर

उत्तर : नको. चाळीस कवितांना बॉक्स नको, एक पान करा आणि त्यावर पहिल्या ओळींची अकारविल्हे यादी द्या, गाथेच्या शेवटी अभंगांची सूची असते ना तशी. कविता आठवते ती शीर्षकाने नाही, एखाद्या ओळीने आठवते, आणि तीही अर्धवट किंवा थोडी चुकीची. यादीवरून नजर फिरवली की ती सापडते, बॉक्समध्ये एक काना चुकला तरी सापडत नाही. त्या पानाची लिंक मेनूत पहिली ठेवा. कविता दीड-दोनशेच्या पुढे गेल्या की मग त्याच पानाच्या माथ्यावर बॉक्स द्या, यादी काढू नका.

प्रश्न : बागकामावर लिहितो. माझे जवळपास सगळे वाचक गूगलवरूनच येतात, मग ब्लॉगवर बॉक्स ठेवून काय फायदा? पूर्वी तर गूगलच्या निकालातच माझ्या ब्लॉगखाली शोधायची जागा यायची, तीही आता दिसत नाही. आणि बॉक्स कुणी वापरतं का हे कळायचं कसं?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ती जागा गूगलने २१ नोव्हेंबर २०२४ पासून बंद केली, दहा वर्षं होती, वापर कमी झाला म्हणून काढली असं त्यांनी सांगितलं. तुमच्या ब्लॉगची काही चूक नाही, काही बिघडलेलंही नाही.

गूगलवरून येणारा माणूस एका पोस्टवर उतरतो, समजा कलमी आंब्याच्या मोहोरावर. ते वाचून झालं की त्याला तुमच्याकडे काजूवर काय लिहिलंय हे बघायचं असतं, आणि त्यासाठी तो परत गूगलवर गेला तर तुमच्याकडेच येईल याची काही खात्री नाही. म्हणूनच बॉक्स फक्त मुख्य पानावर ठेवून चालत नाही, असे वाचक मुख्य पान बघतच नाहीत. प्रत्येक पोस्टवर हवा, आणि सगळीकडे एकाच जागी हवा.

वापराचं कळायला सोपा मार्ग आहे. गूगल अ‍ॅनालिटिक्स ४, म्हणजे वाचक ब्लॉगवर काय करतात ते मोजणारं गूगलचं साधन, लावलेलं असेल तर त्यात एन्हान्स्ड मेजरमेंट नावाची सोय असते, तिच्यात साइट सर्च चालू आहे का बघा. ब्लॉगर शोधलेला शब्द पत्त्यात क्यू या अक्षरापुढे लिहितो आणि वर्डप्रेस एस पुढे, ही दोन्ही अक्षरं अ‍ॅनालिटिक्सच्या यादीत आधीच असतात त्यामुळे वेगळं काही करावं लागत नाही. महिनाभर जाऊ द्या आणि मग लोकांनी काय काय टाइप केलंय ते वाचा, आकड्यांपेक्षा शब्द वाचा. "गांडूळखत" पुन्हा पुन्हा येत असेल तर त्याची लिंक सरळ मेनूत द्या, कुणाला शोधायची वेळच येऊ नये. ज्या शब्दांवर काहीच सापडलं नाही ते वेगळे लिहून काढा, त्यातल्या काहींवर तुम्ही लिहिलेलं असेलच पण दुसऱ्या नावाने, तिथे वर सांगितलेली इतर नावांची ओळ घाला, आणि ज्यावर लिहिलेलंच नाही त्यावर पुढची पोस्ट लिहा, विचारणारा वाचक तुमच्या दारात येऊन गेलाय.

महिनाभरात शोध अगदीच नगण्य दिसले तर बॉक्स लगेच काढू नका, आधी फोनवर उघडून बघा की तो दिसतोय तरी का.